‘आज पुरे’ कोण म्हणणार?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते व्यायामशिक्षक होते, म्हणून यंदा खेळावर बोला असं आयोजकांनी सुचवलं. कुठल्या खेळावर, ते माझ्यावर सोडलं. मी टेनिस निवडलं, आणि त्यातही मुलींचं. आयुष्यभर क्रीडा पत्रकारिता केल्यावर माझं असं झालंय की कोर्टावर काय चाललंय याच्याइतकंच माझं लक्ष जाळीबाहेरच्या खुर्च्यांकडे जातं. तिथे आई बसलेली असते, बाबा उभे असतात (बाबा सहसा बसत नाहीत), आणि सर थोडे लांब, झाडाखाली. आईबापांचा हात, कधी पाठीवर, कधी गालावर, मुलींच्या टेनिसमध्ये जितका उघड दिसतो तितका दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेला नाही.

याचं कारण या खेळाच्या वेळापत्रकात आहे. मुलगी सहाव्या-सातव्या वर्षी रॅकेट धरते आणि खरोखरच तयारीची असली तर पंधराव्या-सोळाव्या वर्षी मोठ्या बायकांना हरवायला लागते. मार्गारेट कोर्टने 1970 मध्ये एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकल्या, आणि लगेचच तिला हरवलं ते ख्रिस एव्हर्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने. ट्रेसी ऑस्टिन 1979 मध्ये अमेरिकन ओपन जिंकली तेव्हा सोळा वर्षांची होती. मार्टिना हिंगिस 1997 मध्ये जगात पहिली आली, तीही सोळाव्या वर्षी. मुलांच्या अंगात ताकद भरायला आणखी काही वर्षं जातात, त्यामुळे त्यांच्या घरच्यांना जरा उसंत मिळते. मुलीच्या बाबतीत कुठल्या गावी राहायचं, कुणाकडे शिकायचं, शाळा सोडायची का, कुठल्या कंपनीचे बूट घालायचे, हे सगळं तिला करारावर सही करायचाही अधिकार नसतो त्या वयात ठरून जातं. सही बाप करतो.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. गुणी मुलगी स्वतःहून थांबत नाही. तिला खेळ आवडतो, बाबा खूश झालेले आवडतात, सरांनी ‘शाब्बास’ म्हटलेलं आवडतं. म्हणून ‘आज पुरे’ हे दुसऱ्या कुणीतरी म्हणावं लागतं. आणि ज्याचं पोट, नाव किंवा अर्धवट राहिलेलं स्वप्न तिच्या रॅकेटवर टांगलेलं आहे, त्याच्या तोंडून ते शब्द फुटत नाहीत.

एव्हर्टच्या घरापासून सुरुवात करू. वडील जिमी एव्हर्ट स्वतः चांगले खेळाडू, 1947 चे कॅनडाचे विजेते. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलच्या हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे सार्वजनिक बागेतल्या कोर्टांवर, ते शिकवत. त्यांची पाचही मुलं तिथेच शिकली. ख्रिस लहान चणीची, एका हाताने बॅकहँड मारायची ताकद नव्हती, म्हणून तिने दोन्ही हातांनी मारायला सुरुवात केली. वडिलांना ते फारसं पसंत नव्हतं, पण त्यांनी मोडून काढलं नाही. आज तुम्ही कुठल्याही अकादमीत जा, मुलींना पहिल्या दिवसापासून दोन हातांचाच बॅकहँड शिकवतात. त्या बापाने त्या दिवशी शिस्तीचा हट्ट धरला असता तर! पण मला त्यांचं जास्त कौतुक आहे ते दुसऱ्या गोष्टीसाठी. ख्रिस 1971 मध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत गेली, मोठमोठ्या खेळाडूंना हरवू लागली, आणि तरीही अठरावा वाढदिवस होईपर्यंत, म्हणजे डिसेंबर 1972 पर्यंत, ती हौशी खेळाडूच राहिली. बक्षिसाचे पैसे घेतले नाहीत. जिमींचा पगार बागेतून येत होता, मुलगी जिंको वा हरो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा चेंडूंची टोपली घेऊन दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायला उभे. तिच्या सामन्यांनाही ते फारसे जात नसत.

आता त्याच फ्लोरिडातली, वीस वर्षांनंतरची गोष्ट. मार्च 1990. जेनिफर कॅप्रियाती व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली तेव्हा तिला चौदा पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. पहिल्याच स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत पोचली, गॅब्रिएला सबातिनीकडून हरली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी आणि वर्ष संपायच्या आत जगातल्या पहिल्या दहांत. कपड्यांचे आणि रॅकेटचे लाखो डॉलर्सचे करार ती पहिला सामना खेळण्याआधीच झाले होते. वडील स्टेफानो हेच तिचे प्रशिक्षक आणि सल्लागार. 1991 मध्ये विम्बल्डनला तिने नवरातिलोवाला हरवलं, 1992 मध्ये बार्सिलोनात स्टेफी ग्राफला हरवून ऑलिंपिक सुवर्णपदक घेतलं. तेव्हा ती सोळा वर्षांची. वर्तमानपत्रांतून आम्ही लोकांनी तिच्या हसण्यावरही लेख लिहिले.

मग 1993 च्या अमेरिकन ओपनला ती पहिल्याच फेरीत हरली आणि गायब झाली. पुढची बातमी आली ती दुकानातून अंगठी उचलल्याची, त्यानंतरची 1994 मध्ये गांजा बाळगल्याबद्दल अटकेची. पोलिसांनी काढलेला तिचा तो फोटो जगभर छापला गेला. ‘मुलगी बिघडली’ असा सगळ्यांचा सूर होता. मला त्या फोटोत दिसते ती चार वर्षं सुट्टी न मिळालेली अठरा वर्षांची पोर. आता विचार करा, 1992 च्या सुमाराला तिला कुणी म्हणायचं होतं, की बाळ, वर्षभर खेळू नकोस? बाप म्हणणार नव्हता, त्याची नोकरी तीच होती. करार केलेल्या कंपन्या म्हणणार नव्हत्या. स्पर्धांचे आयोजक तर तिच्या नावावर तिकिटं विकत होते. तिच्या भोवतीच्या प्रत्येक मोठ्या माणसाचा पगार ती देत होती. पुढे ती परत आली, 2001 मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच, 2002 मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियन जिंकली. पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

महिला टेनिस संघटनेने त्यानंतर नियम केला. 1995 पासून चौदा वर्षांखालच्या मुलींना व्यावसायिक स्पर्धा बंद, आणि अठरापर्यंत वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर वयानुसार मर्यादा. थोडक्यात, जे घरात कुणी म्हणेना ते संघटनेने नियमपुस्तकात लिहून टाकलं. गंमत अशी की नियम लागू होण्याच्या तोंडावर, ऑक्टोबर 1994 मध्ये, दोन चौदा वर्षांच्या मुली घाईने आत शिरल्या: स्वित्झर्लंडची हिंगिस आणि अमेरिकेची व्हीनस विल्यम्स. दोघींनी पुढे नाव काढलं. मग नियम चुकला का?

व्हीनसचं घर या प्रश्नाचं उत्तर देतं, आणि माझ्या सिद्धांतालाही जरा हलवतं, म्हणून तिथे थोडं थांबू. वडील रिचर्ड विल्यम्स यांनी टीव्हीवर व्हर्जिनिया रुझिची या टेनिसपटूला बक्षिसाचा चेक घेताना पाहिलं आणि आपल्या मुलींना टेनिसपटू करायचं ठरवलं. पैशासाठीच ठरवलं, ते त्यांनी कधी लपवलं नाही. स्वतः पुस्तकं आणि चित्रफिती पाहून खेळ शिकले, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनच्या सार्वजनिक कोर्टांवर, टोळीयुद्धाच्या वस्तीत, मुलींना शिकवलं. माझ्या हिशेबाने या बापाने मुलींना पिळून काढायला हवं होतं. पण 1991 मध्ये ते फ्लोरिडात रिक मॅसी यांच्या अकादमीत मुलींना घेऊन गेले आणि चक्क ज्युनियर स्पर्धा बंद करून टाकल्या. दहा-अकरा वर्षांची व्हीनस ज्युनियर स्पर्धांत कुणाला हरत नव्हती, अमेरिकेभर तिचं नाव झालं होतं, आणि बाप म्हणाला, आता सामने नाहीत, सराव आणि शाळा. टेनिसवाल्यांनी त्यांना वेड्यात काढलं. ओकलंडला 1994 च्या पहिल्या व्यावसायिक स्पर्धेत व्हीनसने अरांचा सांचेस व्हिकारिओविरुद्ध 6-2, 3-1 अशी आघाडी घेतली आणि मग सलग अकरा गेम गमावले. त्यानंतरची दोन वर्षं ती मोजक्याच स्पर्धा खेळली. दार बंद होण्याआधी आत शिरायचं, पण आत गेल्यावर पळायचं नाही, अशी या गृहस्थांची चाल होती.

रिचर्ड यांना हे जमलं कसं? मला वाटतं त्याचं अर्धं उत्तर आईत आहे. ओरासीन प्राइस परिचारिका होत्या. मुलींना शिकवता यावं म्हणून त्या स्वतः टेनिस शिकल्या, कोर्टावर उभ्या राहिल्या. नवऱ्याचा तमाशा चालू असताना घरातलं माणूस शांत होतं. 2021 मध्ये या कुटुंबावर सिनेमा आला, त्यातल्या आईला एक फर्मास प्रवेश दिलाय. नाव मात्र ‘किंग रिचर्ड’! आपल्याकडे काय वेगळं घडतं म्हणा. मुलीला पहाटे पाचला उठवणारी, डबा करणारी, स्कूटरवर मागे रॅकेटची पिशवी लावून नेणारी आई. आणि बातमीत ‘वडिलांच्या कष्टाचं चीज’.

ज्या घरात असं कुणीच नसतं तिथे काय होतं, ते येलेना डोकिचच्या आयुष्यात दिसतं. 1999 च्या विम्बल्डनला सोळा वर्षांची ही पात्रता फेरीतून आलेली ऑस्ट्रेलियन मुलगी पहिल्या मानांकित हिंगिसला 6-2, 6-0 असं हरवून गेली. पुढच्या वर्षी ती तिथेच उपांत्य फेरीत हरली. बाप दामिर याने त्या रात्री तिला हॉटेलवर यायला मनाई केली, आणि विम्बल्डनची उपांत्य फेरी खेळलेली सतरा वर्षांची मुलगी खेळाडूंच्या खोलीतच रात्र काढायच्या बेताने लपून बसली. तिने 2017 मध्ये आत्मचरित्रात हे लिहिलं, पट्ट्याच्या माराबद्दलही लिहिलं. त्या काळात दामिरच्या दारू पिऊन घातलेल्या गोंधळांच्या बातम्या आम्ही चवीने छापत होतो. मुलीच्या अंगावर वळ असतील का, हा प्रश्न बातमीत कुठे नव्हता. मेरी पियर्स या खेळाडूच्या बापाला 1993 मध्ये गैरवर्तनाबद्दल संघटनेने स्पर्धांमधून बाहेर काढलं होतं, म्हणजे असं घडतं हे माहीत नव्हतं असंही कुणाला म्हणता येणार नाही.

बरं, आता आपल्याकडे येऊ. कुणी म्हणेल, आपल्या मुली कुठे लाखो डॉलर्स कमावतात? खरं आहे. इथे पैसा उलट्या दिशेने वाहतो. कोचची फी, कोर्टाचं भाडं, चेंडूंचे डबे, महिन्यातून दोनदा रॅकेटच्या तारा बदलणं, बारा वर्षांखालच्या स्पर्धेसाठी आज कोल्हापूर तर पुढच्या आठवड्यात दिल्ली, आणि सोबत एक मोठं माणूस. मुलगी सतरा-अठराची झाली की आंतरराष्ट्रीय स्पर्धांची सगळ्यात खालची पायरी, जिथे संपूर्ण स्पर्धेचं बक्षीस पंधरा हजार डॉलर्स असतं आणि ते सगळ्यांत वाटलं जातं. पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीच्या हातात येणाऱ्या पैशात तिचा प्रवासही निघत नाही. हे सगळं घरातून जातं. कुणी प्लॉट विकतो, कुठे आई नोकरी सोडते. आणि मग एका हरलेल्या सामन्यानंतर गाडीत बसल्यावर वाक्य येतं, ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं!’ फ्लोरिडात कमाई जे काम करत होती ते इथे कर्ज करतं. ती मुलगीही थांबू शकत नाही, कारण थांबली तर तो प्लॉट वाया गेला.

हे कर्ज कोर्टावर दिसतं. लहान वयोगटांच्या स्पर्धांत पंच प्रत्येक कोर्टावर नसतो, चेंडू आत की बाहेर ते मुलीच सांगतात. दहा वर्षांच्या मुलीने रेषेवर पडलेला चेंडू ‘आउट’ दिला की मी तिच्याकडे बघत नाही, जाळीबाहेर तिने कुणाकडे बघितलं ते बघतो.

प्रशिक्षकांचीही तीच गोची असते. आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेने 2012 पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंद केला. लाल, मग नारिंगी, मग हिरवा, असे मऊ चेंडू टप्प्याटप्प्याने. कारण साधं आहे: पिवळा चेंडू आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून उसळतो, मग ती मनगट वाकडं करून कसाबसा तो परत करते आणि ती सवय जन्मभर राहते. पण बाबांना पिवळा चेंडू हवा असतो, शेजारच्या अकादमीतली पोरगी पिवळ्याने खेळते ना! सरांनी नाही म्हटलं तर बाबा अकादमी बदलतात. तसंच सामन्यांचं. बारा वर्षांखाली उंच उंच, संथ चेंडू टाकत राहणारी मुलगी हमखास जिंकते. जिला सर सर्व्हिसवर जोर लावायला आणि नेटवर जायला शिकवतात ती त्या वयात हरते, दुहेरी चुका करते, रडते. आठ वर्षांनी हिशेब उलटा होतो, पण आठ वर्षं थांबायला सरांकडे पगार देणारा पालक हवा.

सर्व्हिसचं एक सांगतो, कारण हे मुलींच्या बाबतीतलं खास दुखणं आहे. सर्व्हिस म्हणजे डोक्यावरून फेकण्याचीच हालचाल. आपल्या गल्लीतला मुलगा पाचव्या वर्षापासून क्रिकेटचा चेंडू फेकत असतो, त्याला खांदा कसा फिरवायचा ते शिकवावं लागत नाही. मुलीला कुणी फेकायला दिलेलंच नसतं. म्हणून सुंदर फोरहँड असलेल्या आपल्या कितीतरी मुलींची दुसरी सर्व्हिस बिचारी रांगत येते. विल्यम्स भगिनींना वडील अमेरिकन फुटबॉल फेकायला लावायचे, ते उगाच नव्हे. दोन महिने रॅकेट बाजूला ठेवून फेकाफेकी करा म्हणणारा कोच मला भेटला तर मी त्याच्यावर लेख लिहीन. पालक त्याला बहुधा फी देणार नाहीत.

आपल्याकडची चांगली उदाहरणं आहेत, आणि ती सगळी सावकाश घडलेली आहेत. अंकिता रैना अहमदाबादची. पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकायला आली, आई सोबत. जगातल्या पहिल्या दोनशेत ती 2018 मध्ये पोचली, पंचविसाव्या वर्षी. त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य. पंचविसाव्या वर्षापर्यंत कोच तोच राहिला, हे मला पदकाइतकंच महत्त्वाचं वाटतं. प्रार्थना ठोंबरे बार्शीची. बार्शीत टेनिस! तिने 2014 मध्ये इंचॉनला सानिया मिर्झाबरोबर आशियाई कांस्य घेतलं आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकही खेळली. सानियाचीही आठवण ठेवायला हवी. हैदराबादेत शेणाने सारवलेल्या कोर्टांवर ती शिकली, वडील इम्रान यांनी शिकवलं, 2007 मध्ये एकेरीत जगात सत्ताविसावी आली. तिच्या स्कर्टच्या लांबीवर देशभर वाद झाले तेव्हा घर तिच्या मागे उभं राहिलं. मनगट पुन्हा पुन्हा दुखावल्यावर 2013 मध्ये तिने एकेरी सोडली. भारतातली एकेरीची सगळ्यात मोठी खेळाडू एकेरी सोडते, यावर आम्ही हळहळलो. दोन वर्षांनी ती दुहेरीत जगात पहिली होती.

मुलीच्या शरीराबद्दल बोलायला आपण लाजतो, म्हणून तेही बोलून घेतो. बाराव्या ते पंधराव्या वर्षात तिची उंची, वजन, तोल सगळं बदलतं. काल बसत असलेला फटका आज बसत नाही. ‘लक्ष नाही तुझं’ म्हणून ओरडा बसतो. पाळीच्या दिवसांत काय होतं ते तिने पुरुष कोचला सांगायचं कसं? झेंग छिनवेनने 2022 च्या फ्रेंच ओपनमध्ये श्व्योनतेककडून हरल्यावर पोटदुखीबद्दल उघड सांगितलं तेव्हा ती मोठी बातमी झाली. विम्बल्डनने मुलींना पांढऱ्या कपड्यांखाली गडद रंगाची चड्डी घालायची परवानगी 2023 मध्ये दिली. शंभरहून जास्त वर्षं जुनी स्पर्धा! अकादमीत एक तरी स्त्री प्रशिक्षक असावी आणि बाहेरगावी कोचबरोबर मुलगी एकटी जाऊ नये, या दोन गोष्टी मी कुठल्याही पालकाला बिनदिक्कत सांगतो. कोच भला माणूस असला तर त्याला याचा राग येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या अॅश बार्टीबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसवत नाही. ब्रिस्बेनमध्ये जिम जॉइस यांच्याकडे ती अगदी लहानपणी आली. आईवडील टेनिसमधले नव्हते. वडील ग्रंथालयात, आई क्ष-किरण विभागात. पंधराव्या वर्षी, 2011 मध्ये, ती विम्बल्डनची ज्युनियर विजेती झाली, आणि 2014 मध्ये थकून, घराची ओढ लागून तिने टेनिस सोडलं. अठरा वर्षांची होती. कुणी तिला करारांची भीती घातली नाही, आम्ही काय काय केलं याची यादी वाचली नाही. ती ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळली. तिथे फेकायलाही मिळालं असेल! 2016 मध्ये स्वतःच्या मर्जीने परतली. फ्रेंच 2019, विम्बल्डन 2021, ऑस्ट्रेलियन 2022. आणि मार्च 2022 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, जगात पहिल्या क्रमांकावर असताना पुन्हा सोडलं. हे तिने स्वतः ठरवलं. लहानपणी ज्यांना कुणीतरी थांबू दिलं त्यांनाच मोठेपणी स्वतः थांबता येत असावं, असा माझा अंदाज आहे.

शेवटी, आज इथे आलेल्या पालकांपैकी तिघा-चौघांनी मघाशी चहाच्या वेळी एकच विचारलं: मुलीला शाळेतून काढून घरून परीक्षा द्यायला लावू का? माझं मत, दहावीपर्यंत अजिबात नाही. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून टेनिस खेळत शिकली. तिला 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळालं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. म्हणजे घाई नाही. आता अध्यक्ष महाराज घड्याळाकडे बघताहेत. प्रश्न जरूर विचारा, फक्त आपली मुलगी पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेत कितवी येईल, ते मला विचारू नका. आणि तिलाही नको.